पाच रात्रींचा परवाना

आमच्या बेटावर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कुणाच्या घरी जाऊ नये. गेलात तर दार उघडायला कोणी येणार नाही. घरातला कर्ता पुरुष कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो, बोट माउसवर, डोळे घड्याळावर, आणि बाकीची मंडळी त्याच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभी असतात. बीच पार्कात तंबू ठोकायचा तर महापालिकेचा परवाना लागतो, आणि दोन आठवड्यांनंतरचे परवाने शुक्रवारी पाचच्या ठोक्याला खुले होतात. पाच वाजून एक मिनिटाला ते संपलेले असतात. ज्याला मिळाला तो गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडतो, आणि ज्याला नाही मिळाला तो मुकाट्याने भात लावायला उठतो.

मी हे कशासाठी करत होतो ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या गडबडीत राहून जाईल. माझा मुलगा रसेल सहा वर्षांपूर्वी बायको आणि मुलीला घेऊन लास व्हेगासला गेला. इथे जन्मलेल्या माणसाला इथलं घर परवडत नाही आणि तिकडच्या वाळवंटात परवडतं, म्हणून आमच्या बेटावरची निम्मी पोरं तिकडेच असतात. आता जुलैत तो आठवडाभर येणार होता आणि फोनवर सहज म्हणाला होता, "पॉप, घर बघतोय आम्ही तिकडे. विकत." भाड्याच्या घरातला माणूस केव्हाही परत येऊ शकतो. विकत घेतलं की संपलं. मला तो परत हवा होता. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या मी रिकाम्या करून ठेवल्या होत्या, रंग लावला होता, खिडक्यांना नव्या जाळ्या बसवल्या होत्या, आणि विचारायचं वाक्यसुद्धा पाठ केलं होतं: "मागच्या खोल्या रिकाम्याच असतात हल्ली."

पण हे वाक्य घरात पंख्याखाली बसून बोलण्यासारखं नव्हतं. त्यासाठी रसेलला काहेओला बीच पार्काच्या वाळूवर झोपवणं भाग होतं. तो लहान असताना आम्ही दर उन्हाळ्यात तिथल्या टोकाच्या सुरूच्या झाडाखाली तंबू ठोकायचो, आणि तो सकाळी उठायचा तेव्हा त्याच्या गालावर सुरूच्या काड्यांचे वळ उठलेले असायचे. पाच रात्री पुन्हा तिथे झोपला की व्हेगासचं घर त्याच्या डोक्यातून आपोआप उतरेल, अशी माझी योजना होती.

"त्यापेक्षा सरळ विचार ना," माझी बायको थेल्मा म्हणाली. "फोन कर. फुकट आहे."

"असं एकदम विचारतात का?"

"लग्नाचंही चौदा महिने असंच विचारत नव्हतास. शेवटी मीच विचारलं."

मी परवान्याच्या तालमीला लागलो. आधीच्या दोन शुक्रवारी मी नुसता सराव केला. दोन्ही वेळा परवाना मिळाला आणि दोन्ही वेळा रद्द करावा लागला. खऱ्या शुक्रवारी पाचला सहा सेकंद असताना आमच्या कॉम्प्युटरला स्वतःची सुधारणा करून घ्यायची इच्छा झाली. पडदा निळा झाला आणि त्यावर लिहून आलं की कृपया थांबा. मी थांबलो. सहा वाजता भात लावला.

सोमवारी पहाटे महापालिकेच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. एकतीस वर्षं मी सरकारी जमीनमोजणी खात्यात काढली आहेत. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना "हा फॉर्म जुना आहे" असं मी आयुष्यभर सांगत आलो. त्या दिवशी एका चुणचुणीत मुलीने ते वाक्य मला ऐकवलं, आणि ते बाहेरच्या बाजूने कसं लागतं ते समजलं. नवा फॉर्म भरला. नशिबाने काहेओलाची एक जागा त्याच सकाळी कुणीतरी रद्द केली होती.

"एकूण माणसं पाच?" तिने फॉर्म वाचत विचारलं. "अंकल, खरंच पाच?"

"पाच. मी, बायको, मुलगा, सून, नात."

"दहापर्यंत चालतात."

"पाच म्हणजे पाच," मी म्हणालो. तिने ज्या नजरेने शिक्का मारला त्या नजरेचा अर्थ मला पुढे कळला.

तंबू मी नवा घेतला. सहा माणसांचा, हिरवा, मधून उभं राहता येईल असा. अंगणात उभा करून बघत होतो तर कुंपणावरून कार्व्हाल्योची मान वर आली. कार्व्हाल्यो आमचा शेजारी, बसचा निवृत्त ड्रायव्हर. एका रस्त्यावर सव्वीस वर्षं बस चालवल्यामुळे जगातले सगळे रस्ते आपल्याला ठाऊक आहेत अशी त्याची समजूत आहे.

"मेल, हे काय उभं केलंयस? छत्री?"

"तंबू आहे. सहा माणसांचा."

"सहा कुठली माणसं? वाऱ्याने पहिल्याच दुपारी पलीकडच्या मोलोकाई बेटावर पोचेल हा. वर ताडपत्री नको? खाली गालिचा नको? भात कशावर लावणार? दिवे कशावर? थांब."

तो थांब म्हणाला की थांबण्यात अर्थ नसतो, पळून जावं लागतं. मी थांबलो. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगणात तीन निळ्या ताडपत्र्या, गाडी उभी करायच्या मांडवाचा लोखंडी सांगाडा, जनरेटर, वीस माणसांच्या भाताचा कुकर, गालिचा आणि एक सोफा जमा झाला. आता, आमच्याकडे कुणाची वस्तू घेतली की "तुम्हीही या ना" असं म्हणावंच लागतं. न म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आणि समोरचा "बघू" असं म्हणतो. "बघू" म्हणजे तो चटया आणि मेहुण्यांसकट येतो. कार्व्हाल्यो म्हणाला, "बघू." माझ्या पाचाचे त्याच क्षणी अकरा झाले.

पलीकडची लेई आंटी बहात्तर वर्षांची. रसेल लहानपणी शाळेतून आला की आमच्याआधी तिच्या स्वयंपाकघरात शिरायचा. ती काही वस्तू देणारी नव्हे. तिने अंगणात खड्डा खणवला, दगड तापवले आणि रसेल आलाय म्हणून आख्खं डुक्कर केळीच्या पानांत घालून रात्रभर पुरलं. शुक्रवारी सकाळी साडेसहाला तिने फॉइलने झाकलेला परातीएवढा ट्रे माझ्या गाडीत ठेवला. वास असा होता की माझ्या मनातले सगळे आक्षेप विरघळले.

"आंटी, एवढं कशाला? आणि आता तुम्हीही या ना."

"बघू," आंटी म्हणाली. मग गाडीच्या खिडकीत वाकून तिने आवाज खाली आणला. "हे घेऊन पालीवरून जाऊ नकोस हं."

काहेओला डोंगराच्या पलीकडे, वाऱ्याच्या बाजूला आहे, आणि पालीचा घाट हा तिथे जायचा सरळ रस्ता. पण ज्वालामुखीची देवी आणि तिचा वराहरूपी नवरा यांचं फार पूर्वी फाटलं, दोघांनी बेटाच्या दोन बाजूंची वाटणी करून घेतली, आणि तेव्हापासून डुकराचं मांस घेऊन पाली ओलांडायची नाही असं आहे. ओलांडलं तर गाडी घाटात बंद पडते. माझा यावर विश्वास नाही. मी शास्त्रीय खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. हद्द दोन खुंट्यांमध्ये असते, नवराबायकोत नसते, हे मी कोर्टात शपथेवर सांगितलेलं आहे.

"मग जा ना पालीवरून," थेल्मा म्हणाली. घाटाचा फाटा समोर आला होता. "तू मानत नाहीस ना?"

"मी नाहीच मानत."

"मग सिग्नल कुठला देतोयस?"

सिग्नल मी उजवीकडचा देत होतो. गाडीत जनरेटर होता, सोफा होता, आणि गाडी अठरा वर्षांची होती. ती घाटात बंद पडली असती तर निव्वळ यांत्रिक कारणाने पडली असती, पण लेई आंटीला ते कोण पटवून देणार? म्हणून मी किनाऱ्याकिनाऱ्याने, अर्ध्या बेटाला वळसा घालून निघालो. वाटेत रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. एक बाई हातात फलक घेऊन उभी होती आणि फलकावर "सावकाश" लिहिलेलं असूनही ती आम्हाला जागचं हलू देत नव्हती. पार्क आठला उघडतो. आम्ही पावणेदहाला पोचलो.

टोकाच्या सुरूखाली एका चर्चच्या गायनमंडळाने सात तंबू ठोकले होते. त्यांची सराव करायची जागासुद्धा आखून झाली होती. आमच्यासाठी फक्त एक जागा राहिली होती. एका बाजूला सार्वजनिक शॉवर आणि दुसऱ्या बाजूला सार्वजनिक संडास. झाड तिथूनही दिसत होतं, हे मी स्वतःला चार-पाच वेळा सांगितलं.

"विनंती करून बघू का त्यांना?" मी म्हणालो.

"काय सांगणार? डुक्कर होतं म्हणून उशीर झाला?" थेल्मा म्हणाली आणि सोफ्याच्या दोऱ्या सोडायला लागली.

दुपारी पार्काच्या अधिकारी आल्या. मिस टोगाफाऊ, उंच, धिप्पाड, आवाज मात्र बालवाडीच्या बाईंसारखा. परवाना वाचला. मग माझ्या तंबूवरून त्यांची नजर कार्व्हाल्योच्या लोखंडी सांगाड्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"अंकल, हे काय आहे?"

"सावली."

"याला चार खांब आहेत. छप्पर आहे. खाली गालिचा, वर सोफा. हे बांधकाम झालं. आणि हे तुमच्या आखलेल्या जागेच्या बाहेर आलंय. हे अतिक्रमण आहे, अंकल."

एकतीस वर्षं मी या बेटावरची अतिक्रमणं पकडली. न्यायाधीशाच्या साळ्याचं कुंपण मी चार इंच मागे घ्यायला लावलं होतं. आणि आता संडासाशेजारी, गायनमंडळाच्या देखत, माझ्यावर अतिक्रमणाचा आरोप होत होता. मिस टोगाफाऊंनी टेप काढली. त्या टेप ढिली धरत होत्या.

"ताणून धरा," न राहवून मी म्हणालो. "मध्ये झोळ पडलाय. आणि शून्य खुंटीच्या मध्यावर लावा, कडेवर नाही."

त्यांनी ताणून धरली. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून नीट मोजलं. त्यांच्या मोजणीने माझं अतिक्रमण अकरा इंच होतं, ते माझ्या मदतीने दोन फूट तीन इंच भरलं.

"थँक यू, अंकल," त्या मनापासून म्हणाल्या आणि सांगाडा काढायला सांगून गेल्या. जाताना त्यांनी आणखी एक नियम सांगितला: ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने जागा सोडायची नाही.

म्हणजे मी अडकलो. रसेल बुधवारीच उतरला होता. बुधवारी आमच्याकडे अर्धी रात्र सामान उघडण्यात गेली, गुरुवारी सासुरवाडीने नेलं, शुक्रवारी सुनेच्या मावशीने. बेटभर माझा मुलगा ताटावर ताटं जेवत होता आणि मी ज्याच्यासाठी हे मांडलं होतं त्याची वाट बघत संडासाशेजारी सोफ्यावर परवाना गळ्यात अडकवून बसलो होतो. लोक मला रांगेचा मुकादम समजून आत कागद नसल्याची तक्रार करत होते.

संध्याकाळी तो आला. नात माइले गाडीतून उतरून सरळ पाण्याकडे धावली. रसेल वाळूवर आला, चपला काढल्या आणि नुसता उभा राहिला. पायाची बोटं वाळूत रुतवून, डोळे मिटून. मला वाटलं, हीच वेळ. मी जवळ गेलो.

"रसेल," मी म्हणालो, "मागच्या खोल्या..."

"अरे, कोण आलंय बघा!" कार्व्हाल्यो ओरडला. तो, बायको, दोन मेहुणे, त्यांची मुलं, आणि त्यांच्यामागून लेई आंटी तिच्या चार भाच्यांसकट. तेवीस माणसं मी मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. कुणीतरी माझ्या हातात ताट दिलं, कुणीतरी रसेलच्या हातात. डुक्कर अप्रतिम झालं होतं, हे कबूल करायला हवं.

पुढचे तीन दिवस हे असंच चाललं. मी "मागच्या" म्हणेपर्यंत कुणीतरी "भात संपला" म्हणायचं. रसेलला पोहायला नेलं तर मेहुणे आले. मासे धरायला नेलं तर कार्व्हाल्यो आला आणि त्याने बोलून बोलून माशांनाही घालवलं. रविवारी गायनमंडळाने आम्हाला जेवायला बोलावलं, त्याच सुरूखाली. तिथे मी एक ताट हातात घेऊन, रसेलचा तंबू जिथे असायचा नेमक्या त्या जागी बसलो. माझ्या शेजारी रसेलऐवजी त्यांचा तबलजीसारखा तालात डुलणारा पाद्री बसला आणि त्याने मला मूळव्याधीवरचा उपाय सांगितला.

सोमवारी वारा सुटला. कार्व्हाल्योचं भाकीत अर्धं खरं ठरलं. तंबू मोलोकाईला गेला नाही, शॉवरपर्यंत गेला. आत अंघोळ करणाऱ्या एका गृहस्थांना तो डोक्यावरून बसला आणि त्यांनी माझ्या परवान्याबद्दल काढू नयेत असे उद्गार काढले. तंबू ओढून आणताना माइले बरोबर होती.

"आजोबा, खुंट्या का निघतात सारख्या?"

"वाळू आहे ना. वाळूत खुंटी उभी राहत नाही. मी दाखवतो."

मी तिला जुन्या उशांच्या अभ्र्यांत वाळू भरायला शिकवलं, त्याला दोरी बांधायला, हातभर खड्डा करून ती पिशवी आडवी पुरायला. आठ वर्षांची पोर, पण हाताला समज होती. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली, तिसरी बसली. मग तिने बाकीच्या तीन कोपऱ्यांना मला हात लावू दिला नाही. तंबू टम्म उभा राहिला आणि ती त्याभोवती फिरून प्रत्येक दोरी बोटाने वाजवत राहिली. रसेल सोफ्यावरून बघत होता. बघता बघता त्याने फोन खिशात घातला, उठून आला आणि तिच्या शेजारी तंबूत आडवा झाला. दोघं दुपारभर झोपले. मी बाहेर बसून राहिलो. माझं काम झालं, असं मला तेव्हा अगदी आतून वाटलं. थेल्माला मी हाताने खूण केली. तिने खांदे उडवले.

बुधवारी सकाळी आठच्या आत जागा सोडायची असते, आणि रसेलचं विमान दुपारचं होतं. मंगळवारीच शेजारीपाजारी आपापला जनरेटर आणि मेहुणे घेऊन गेले होते. बुधवारी सहा वाजता, सहा दिवसांत पहिल्यांदा, वाळूवर आम्हीच होतो. सून आणि थेल्मा भांडी धूत होत्या, माइले शिंपले वेचत होती. मी आणि रसेल तंबू उतरवत होतो. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. घडी घालायला आम्ही एकमेकांकडे चालत आलो, आणि कापडाची दोन्ही टोकं जुळली तेव्हा तो माझ्यासमोर हातभर अंतरावर होता.

वाक्य तयार होतं.

"पॉप," रसेलच आधी बोलला. "एक विचारू? नाही म्हणालास तरी चालेल."

"विचार ना."

"हा तंबू आम्ही नेला तर? तिकडे तासाभरावर एक तळं आहे. काठावर तंबू लावू देतात. माइले कालपासून माझ्या मागे लागलीय, दर महिन्याला जायचं म्हणते. सहा वर्षांत तिकडच्या कशाला ती एवढी भुलली नाही. खरं सांगू, मीपण नाही." तो हसला. "तिकडे आपलं असं काही नव्हतंच बघ. आता हे होईल."

पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मागच्या खोल्या रिकाम्याच असतात हल्ली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो इतका खुशीत होता की मला ते वाक्य त्याच्या अंगावर टाकता येईना. पाच रात्रींत मी त्याला घरी आणणार होतो, आणि तो घर उचलून तिकडे घेऊन चालला होता. त्यासाठी माझी परवानगी मागत होता.

"जमीन कशी आहे तिकडची?" मी विचारलं.

"जमीन?" तो जरा विचारात पडला. "टणक. खडीची."

"मग पिशव्या नकोत. खुंट्या ठोकाव्या लागतील. तिरक्या ठोकायच्या, तंबूपासून उलट्या झुकवून. माइलेला सांग, नाहीतर ती तिथेही खड्डे खणत बसेल."

"तूच सांग ना तिला."

मी सांगितलं. तिने शिंपले खिशात भरले आणि दोनदा म्हणवून घेतलं.

विमानतळावर त्यांना सोडून आम्ही परत निघालो तेव्हा गाडी एवढी रिकामी होती की मागे सोफा आपटत होता. त्याचे पाय आपटल्याचा आवाज आम्ही बराच वेळ ऐकला.

"विचारलंस?" थेल्मा म्हणाली.

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"जमीन टणक आहे म्हणाला."

तिने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, रुमालाची घडी घातली आणि तो परत पर्समध्ये ठेवला.

"मग हातोडा द्यायला हवा होतास त्याला," ती म्हणाली.

"दिला," मी म्हणालो.